पातेल्यातले सहा चमचे

बोटीच्या त्या फोटोत मी का नाहीये असं विचारलंत ना, तर सांगते, पण मधेमधे 'अरेरे' करायचं नाही, मला ते चालत नाही, मग मी कुठपर्यंत आले होते तेच विसरते. आणि लाउरिट्स, तू चिप्स खा, खुशाल खा, फक्त पुडी त्या बाजूला धर. हां, तशी.

तर स्कोवनेसची निवासी शाळा. दहावीचं वर्ष घर सोडून तिथे राहायचं, आणि ती शिडाच्या बोटींची शाळा, म्हणून मी आईबाबांच्या दोन वर्षं मागे लागले होते. शहाण्णव मुलं, बारा टेबलं, एका टेबलाला आठ जण, आणि वाडगी हातोहात फिरतात. कुणी तुम्हाला वाढत नाही. वाडगं आलं की आपलं घ्यायचं आणि शेजारच्याला द्यायचं. मी घ्यायचे नाही, नुसतं पुढे द्यायचे. इतकं पटपट पुढे द्यायचे की आमच्या टेबलावरचा माल्थे म्हणायचा, "टीरा, तू मुलगी नाहीस, तू विमानतळावरचा सामानाचा पट्टा आहेस." सगळे हसायचे, मीपण हसायचे, कारण ते खरंच तसंच दिसायचं.

मी तेव्हा चार गोष्टी खायचे. बिनदाण्याचा पांढरा पाव आणि लोणी, ही एक. सोललेली काकडी. एकाच कंपनीचं व्हॅनिला दही. आणि शंखाच्या आकाराचा पास्ता, वर काही न घालता. बस. लोकांना वाटतं मला बाकीचं आवडत नाही. आवडण्याचा प्रश्नच नाहीये. समजा तुमच्या ताटात कुणी भांडी घासायचा ओला स्पंज ठेवला आणि प्रेमाने म्हणालं, एकच घास घे ना, तर तुम्ही नाही म्हणाल, आणि ते नखरे नसतील. मी ऑटिस्टिक आहे, माझ्या तोंडाला बऱ्याच गोष्टी स्पंज वाटतात. एवढंच आहे ते. म्हणजे एवढंच नाहीये, पण आत्ता एवढं पुरे.

आता बोट. तिचं नाव मार्टे, लाकडी, दोन डोलकाठ्या. मी पहिल्यांदा तिच्यावर चढले आणि अर्ध्या तासात मला कळलं की इथे लोक माझ्यासारखं बोलतात. बोटीवर कुणी 'जमलं तर बघशील का जरा' असं म्हणत नाही. दोर ओढ म्हणजे दोर ओढ. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाचा पहारा ठरलेला, आणि गप्प बसलं तर कुणी विचारत नाही काय झालं म्हणून. आणि नकाशे. भरती-ओहोटीचं गणित हाताने करायला मी दोन आठवड्यांत शिकले. बाकीच्यांना ते मे महिन्यापर्यंत आलं नाही, हे मी फुशारकी म्हणून नाही सांगत, खरंच नाही आलं. मेमध्ये बोट अठरा दिवसांसाठी शेटलंड बेटांवर जाणार होती, बावीस जणांची जागा, आणि जायचा यायचा सगळा मार्ग मी आखत होते. मला त्या बोटीवर जायचं होतं. आयुष्यात इतकं काही मला पूर्वी कधी हवंसं वाटलं नव्हतं.

पण त्याआधी सप्टेंबरात एक छोटी सफर झाली, चार दिवसांची. दुसऱ्या दिवशी माझ्या पावांच्या पिशवीत समुद्राचं पाणी गेलं. दही संपलं. पास्ता होता, पण बोटीवर पातेलं एकच, आणि त्यात आदल्या दिवशी मासे शिजले होते. घासलं होतं हो, मीच घासलं होतं, पण तो वास जात नाही. मग मी काही खाल्लं नाही. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सुकाणूवर उभी असताना कोसळले, कपाळ आपटलं, बोट जवळच्या बंदरात न्यावी लागली.

परत आल्यावर प्रेबेनने मला खोलीत बोलावलं. प्रेबेन म्हणजे मुख्याध्यापक, आणि बोटीचा कप्तानपण तोच.

"मी तुला नाही म्हणत नाहीये, टीरा," तो म्हणाला. "पण तिथे मधे तीन दिवस जमीन नाही. पातेल्यातलं खाऊ शकलीस तर तू येतेस."

"किती?"

"किती म्हणजे?"

"किती चमचे?"

"सहा."

"चहाचे का जेवणाचे?"

"जेवणाचे."

"किती दिवस?"

"ओळीने तीन दिवस. असं तूच ठरव ना."

"मी नाही ठरवणार, तू ठरव. कोणत्या तारखेपर्यंत?"

"ईस्टरनंतरच्या शुक्रवारपर्यंत," तो म्हणाला, आणि मी ते कागदावर लिहून त्याच्याकडून सही घेतली. तो हसत होता, पण सही केली त्याने.

पातेल्यातलं म्हणजे काय, तर बोटीवर जे नेहमी करतात ते, लाबस्कौस. तुम्हाला माहितीये, बटाटे आणि मांस आणि तमालपत्र, सगळं शिजून शिजून एकजीव, चमचा उभा राहील इतकं घट्ट. माझ्यासाठी त्याच्याहून वाईट पदार्थ शोधून काढणं अवघड आहे. एका घासात मऊ पण, तंतू पण, गाठी पण, आणि कुठलं कधी येईल सांगता येत नाही.

मग मी यिट्टेकडे गेले. यिट्टे स्वयंपाकघर सांभाळायची, साठीची, एका कानाने ऐकू कमी यायचं, आणि तिची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ती समोरच्याकडे बघायची नाही. बोलताना पण नाही. मी तिला कागद दाखवला. तिने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "बरं. आधी बटाटे सोल."

"मला खायला शिकायचंय."

"ऐकू आलं मला. सोल."

नोव्हेंबर पूर्ण मी बटाटे सोलले. शहाण्णव जणांचे, रोज दुपारी. डिसेंबरमध्येपण. खाणं नाही, नुसतं सोलणं, मग कापणं, मग उकळायला टाकणं, मग उकळलेले हाताने कुस्करणं. पहिल्यांदा कुस्करला तेव्हा मी बाहेर जाऊन बर्फात हात घासले. यिट्टे म्हणाली, "बटाट्याने काय केलंय तुझं?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "मग ठीक." पण हळूहळू काय झालं माहितीये, तो मला ओळखीचा झाला. कच्चा असताना कसा, पाचव्या मिनिटाला कसा, विसाव्याला कसा. तो अचानक काही करत नव्हता.

एकोणीस जानेवारीला मी नखाएवढा तुकडा गिळला. कोठीत, उलट्या खोक्यावर बसून, कांद्याच्या पोत्यांकडे तोंड करून. यिट्टेचा रेडिओ चालू होता, समुद्राचं हवामान सांगत होते, कुठल्या भागात वारा किती, आणि मी ते ऐकत गिळला. यिट्टे पाठमोरी बरण्या लावत होती. "गेला?" तिने विचारलं. "गेला," मी म्हटलं. ती पुढची बरणी लावायला लागली.

फेब्रुवारीत बटाटा रश्शात आला. मार्चमध्ये मांस, आधी पिठासारखं बारीक केलेलं, मग जरा जाड, मग जरा अजून. रोज हवामानाच्या बातम्यांना. कधी एक चमचा, कधी अर्धा, कधी काहीच नाही आणि मी खोक्यावर बसून रडायचे आणि यिट्टे म्हणायची, "उद्या परत लागतील बातम्या." अकरा मार्चला चार चमचे. अठरा मार्चला सहा. जेवणाचे सहा, खरंखुरं लाबस्कौस, शहाण्णव जणांच्या पातेल्यातलं. मी वाटी खाली ठेवली आणि यिट्टेने पहिल्यांदा वळून वाटीकडे बघितलं, माझ्याकडे नाही, वाटीकडे, आणि म्हणाली, "घास ती."

आणि तेवढ्यात दारात सिल्ये. माझी खोलीतली जोडीदारीण, दूध न्यायला आली होती. तिने वाटी बघितली, चमचा बघितला, आणि तिचे डोळे भरून आले. सिल्येचे डोळे कशानेही भरतात, पण ते असो.

"कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं.

"नाही सांगणार. शप्पथ."

आणि तिने नाही सांगितलं. फक्त माल्थेला सांगितलं. तिला वाटलं चांगली बातमी म्हणजे काही गुपित नसतं, ते फक्त वाईट बातमीचं असतं. आणि माल्थेने टेबलाला सांगितलं, आणि टेबलाने... पुढे कसं होतं तुम्हाला माहितीच आहे आपल्याकडे. कुणी काही चांगलं केलं की आपण त्याला एकट्याला सोडत नाही.

दोन दिवसांनी, गुरुवारी, यिट्टेची सुट्टी होती. मी दुपारी जेवायला आत आले आणि माझ्या ताटासमोर झेंडा. तो लाकडी काठीवाला, टेबलावरचा, वाढदिवसाचा. मी म्हटलं, "माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो." आणि सगळे उभे राहिले. शहाण्णव जण, शिक्षक, सगळे. आणि त्यांनी ते वाढदिवसाचं गाणं म्हटलं, पूर्ण, ढोल आणि तुतारी वाजवायच्या नकलेसकट, माल्थे खुर्चीवर चढून तुतारी, आणि मग तीनदा तीन हुर्रे आणि शेवटचा तो लांबलचक. सिल्ये रडत होती. मग माल्थेने स्वतःच्या हाताने वाडगं माझ्यासमोर ठेवलं, लाबस्कौस, मधे लोण्याचा गोळा, आणि सगळे खाली बसले आणि गप्प झाले. माझ्यासाठी. थांबले.

मला पळून जायला हवं होतं, आता कळतं. पण ते इतके खूश होते. मी इतके खूश लोक एका खोलीत कधी बघितले नव्हते, आणि ते माझ्यामुळे. मला वाटलं, सहा चमचे तर आहेत, परवाच खाल्लेत. मी चमचा तोंडात घातला आणि तो बटाटा नव्हता. कसं सांगू, त्याला आवाज होता. शहाण्णव जणांचा. माझ्या तोंडात तो हुर्रे होता, मऊ आणि गरम, आणि तो खाली जाईना.

मग ते सगळं बाहेर आलं. झेंड्यावर आणि माल्थेच्या स्वेटरच्या बाहीवर.

"काही नाही, काही नाही," माल्थे म्हणाला, "आजीने विणलेला आहे, मला नाहीतरी काढायचाच होता." चांगला आहे तो, खरंच सांगते. सगळेच चांगले होते, त्यातच तर सगळा घोळ झाला.

रविवारी त्यांनी माझी माफी मागायला सभा घेतली. जमिनीवर गोल करून, सगळे. प्रत्येक जण बोलला, दीड तास. कुणीतरी सुचवलं की यापुढे टीरा जेवत असताना कुणीच तिच्याकडे बघायचं नाही, आणि हात वर करून ते मंजूर झालं. सोमवारी मी जेवायला बसले, पाव उचलला, आणि सगळ्या माना एकदम दुसरीकडे वळल्या. तुम्ही हसा, हसण्यासारखंच आहे. पण तुमच्याकडे शहाण्णव जण ठरवून बघत नाहीयेत ना, तेव्हा असं वाटतं की छतावरून, भिंतीतून, सगळीकडून कुणीतरी बघतंय.

मंगळवारी मी कोठीत गेले. यिट्टेला कळलं होतं. तिने कढई इतक्या जोरात ठेवली की तिच्या अधू कानालापण ऐकू गेलं असेल. मी खोक्यावर बसले. रेडिओ लागला. वारा पश्चिमेचा, चार ते पाच. यिट्टेने नुसता उकडलेला बटाटा ठेवला, नखाएवढा, जानेवारीतल्यासारखा. नाही. दुसऱ्या दिवशी कच्चा सोलायला दिला. मी सुरी लावली आणि त्या सालीचा वास आला आणि मी सुरी खाली ठेवली. पाच महिने मी ते सोलले होते, आणि तो मला ओळखेना. असं नाही, मी त्याला ओळखेना.

"उद्या परत लागतील बातम्या," यिट्टे म्हणाली. मी तीन आठवडे रोज गेले. बातम्या लागायच्या.

ईस्टर झाला. बुधवारी प्रेबेन म्हणाला की हवं तर त्याच्या खोलीत बसून खा, तिथे कुणी नसेल, फक्त तो, आणि तो पेपर वाचत असेल. मी बसले. वाटी समोर. तो पेपरमागे. मी एक चमचा घेतला, पाण्याबरोबर ढकलला. दुसरा घेतला. आणि मला जाणवलं की मघापासून एकही पान उलटलं गेलेलं नाही. तो वाचत नव्हता, तो ऐकत होता. बिचारा, श्वासपण धरून बसला असेल. तिसरा चमचा ओठापर्यंत गेला आणि तिथेच राहिला, दहा मिनिटं, घड्याळ बघितलं मी, आणि मग मी तो वाटीत परत ठेवला.

गुरुवारी एकही नाही.

प्रेबेनने पेपर घडी करून ठेवला. "टीरा, आपण असं करू. सहा ऐवजी दोन म्हणू. काल दोन खाल्लेस की."

"आज शून्य खाल्ले."

"ते कसं धरायचं ते मी बघीन. तुझा मार्ग आहे तो, तू आखलास. मला तू हवी आहेस बोटीवर."

आता बघा, मी हो म्हणू शकले असते. मला माहितीये तुम्ही सगळे हेच म्हणणार. पण मी त्याला विचारलं, "दोन म्हटलं तर सुकाणूवर मला चक्कर येणार नाही का?"

त्याने पेपरची अजून एक घडी घातली.

"आणि माझ्यामागे जो दोर धरून उभा असेल त्याचं काय?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे, बरोबर आहे तुझं." आणि डोळे चोळायला लागला. मी खिशातून कागद काढला, त्याचीच सही होती त्यावर, आणि त्याच्याच पेनाने माझं नाव खोडलं. शुक्रवारची वाट बघायचं कारण नव्हतं, ओळीने तीन व्हायला दिवस उरलेच नव्हते.

माझी जागा ॲस्गरला मिळाली, प्रतीक्षायादीत पहिला होता. त्याला भरती-ओहोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी त्याला पूर्ण आठवडा बसून शिकवलं. कुठल्या खडकाच्या कुठल्या बाजूने जायचं, कुठे प्रवाह उलटा होतो, किती वाजता. तो म्हणायचा, "तू फोनवर असशील ना?" मी म्हणायचे, "मधे तीन दिवस फोन लागत नाही, ॲस्गर." त्या आठवड्यात कधीतरी माझं व्हॅनिला दहीपण गेलं. एका सकाळी झाकण काढलं आणि ते स्पंज होतं. असं होतं कधीकधी, एक ताण आला की एक गोष्ट जाते. तर तीन उरल्या. अजूनही तीनच आहेत.

दोन मेला बोट निघाली. धक्क्यावर आईवडील, झेंडे, सगळं. सिल्येने मला इतकी घट्ट मिठी मारली की मला नको होत होतं, पण मी सोसली. मागे राहिलेल्या आम्हा चौऱ्याहत्तर जणांना सुतारकाम होतं अठरा दिवस. मी होडीचं एक वल्हं केलं. बरं झालंय.

आठव्या दिवशी सिल्येचा फोन आला, शेटलंडहून. वाऱ्यात ओरडून बोलत होती, एका दमात, मी आत्ता बोलतेय ना तसं. बंदर कसं, सील कसे, माल्थे डोलकाठीवर कसा अडकला. आणि मग ॲस्गर.

"अगं तो मेला होता जवळजवळ," ती हसत म्हणाली. "बोट लागली त्याला. पहिल्या दिवसापासून. चार दिवस काही म्हणजे काही पोटात गेलं नाही, नुसता पडून होता बाकावर, प्रेबेन त्याचं डोकं धरून बसायचा, पाणी चमच्याने पाजायचा. त्याचा पहारा आम्ही वाटून घेतला. लाबस्कौसचं नाव काढलं तरी बादली."

"चार दिवस?"

"चार. आता ठणठणीत आहे."

"आणि परत नाही वळलात?"

"नाही ना, कशाला, सगळ्यांना होतं ते पहिल्यांदा..." आणि मग ती थांबली. मला वारा ऐकू येत होता. तिला कळलं होतं आपण काय बोललो ते.

"टीरा," ती म्हणाली. "ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

ती विचार करत होती. सिल्ये खोटं बोलत नाही, जमतच नाही तिला, म्हणून ती खरं उत्तर शोधत होती, मला कळत होतं.

"म्हणजे त्याला खायचं होतं ना," ती म्हणाली. "फक्त जमत नव्हतं."

मी फोन कानाला धरून सुतारशाळेच्या दारात उभी होते. काय बोलायचं ते मला माहीत होतं, एकच वाक्य होतं, छोटंसं. पण वर्षभर ती माझ्या खोलीत झोपली होती, कोठीतली ती वाटी बघून तिचे डोळे भरून आले होते, आणि तिलाच जर ते वाक्य सांगावं लागत असेल तर मग मी ते कुणाला सांगणार होते.

मागे कुणीतरी तिला हाक मारली. तिच्या पहाऱ्याची वेळ झाली होती.

"जाऊ का?" तिने विचारलं.

"जा," मी म्हटलं.